घड्याळजीचे इमान

वडिलांच्या 'जनता' घड्याळाचे मागचे झाकण ज्या दिवशी प्रथम माझ्यासमोर उघडले गेले, त्या दिवशी यंत्राच्याही आधी माझी नजर गेली ती झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने कोरलेल्या तीन बारीक नोंदींकडे. जुन्या दफ्तरातील शेऱ्यांप्रमाणे तारीख, साल आणि दुरुस्त करणाऱ्याच्या नावाचे एखादे अक्षर, एवढाच काय तो मजकूर. घड्याळजींची ही रीत फार जुनी आहे. ग्राहकाला तिचा पत्ता नसतो, कारण झाकण उघडणे हे त्याचे काम नव्हे. एका कारागिराने दुसऱ्या, बहुधा कधीही न भेटणाऱ्या कारागिरासाठी मागे ठेवलेली ती खूण असते.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे घडविण्यास आरंभ केला आणि पुढे दोन-तीन दशके या देशात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला आणि सेवानिवृत्त होणाऱ्या हेडक्लार्काला द्यावयाची वस्तू म्हणजे एचएमटीचे घड्याळ, हा जणू अलिखित कायदाच होऊन बसला. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' ही त्या घराण्यातली परिचित नावे. 'जनता'च्या पोटात रोज चावी द्यावी लागणारे जे यंत्र असते, त्याचे कुळही सिटिझनचेच. ते सतरा माणकांचे असते आणि तासाला १८,००० ठोके देते. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. दिवसाकाठी अर्ध्या मिनिटाचा फरक पडला की आपण कुरकुर करतो, पण ती चूक २,८८० भागांत एका भागाची असते. इतका चोख हिशेब ठेवणारी कचेरी मला तरी अद्याप भेटलेली नाही. माणकांविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. घड्याळातले माणिक विकून पैसा होतो, अशी आमच्या लहानपणी ठाम समजूत होती. वस्तुतः फ्रान्सच्या व्हर्नॉय यांनी १९०२ साली भट्टीत माणिक पिकविण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून हे खडे कारखान्यात तयार होतात आणि त्यांची मातब्बरी आहे ती केवळ त्यांच्या कठीण, गुळगुळीत अंगापुरती.

अशा यंत्राच्या सर्व्हिसिंगचा पहिला विधी म्हणजे त्यातला जोर उतरविणे. चावी दोन बोटांत घट्ट धरून, खटका चिमट्याच्या टोकाने बाजूस सारून, गुंडाळलेल्या मुख्य स्प्रिंगला सावकाश सैल होऊ द्यावे लागते. येथे घाई झाली तर चाकांचे दात मोडतात. मग बॅलन्सचे चाक आपल्या केसाएवढ्या स्प्रिंगला लोंबकळत बाहेर येते. त्या चाकाच्या दांडीची टोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी बारीक असतात आणि त्या स्प्रिंगच्या वेटोळ्याला चिमट्याचा नुसता ओझरता स्पर्श झाला, तरी ते वेटोळे पुन्हा वर्तुळात आणण्यात कारागिराची एक दुपार जाते. भाग पेट्रोलमध्ये धुतले जातात, माणकांची छिद्रे मऊ लाकडाच्या अणकुचीदार काडीने साफ होतात आणि त्यानंतर येते तेल. घड्याळजीची पारख करावयाची असेल तर त्याच्या तेलावरून करावी, असे माझे मत आहे. माणकाच्या वाटीत तेल कमी पडले तर टोक झिजते. अधिक झाले तर ते वाटी सोडून भोवती पसरते आणि ज्या जागी हवे तीच जागा कोरडी राहते. चाकाला ठोक्याठोक्याने अडविणाऱ्या पॅलेटच्या दातांना तेल लागते, पण त्याच पॅलेटच्या दांडीच्या टोकांना ते लावावयाचे नसते. नवशिका नेमका तेथेही एक थेंब सोडतो आणि यंत्र सुस्तावते. कोठे तेल लावू नये हे ज्याला कळले, त्याची उमेदवारी संपली म्हणावयाची.

खरी अडचण आहे ती सुट्या भागांची. २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून कोणत्याही 'जनता'ला दांडी वा चाक मिळावयाचे ते बव्हंशी दुसऱ्या मेलेल्या 'जनता'च्या पोटातून. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या घड्याळांचे जे ढीग दिसतात, ते या दृष्टीने भांडारच होत. मुंबईचा घड्याळांशी संबंध तसा पुरातन आहे; फेवर ल्यूबा या स्विस घराण्याने १८६५ सालीच येथे व्यापार मांडला होता. परंतु आज परदेशांतील संग्राहकांच्या तोंडी या शहराचे नाव येते ते 'मुंबई स्पेशल' या शेलक्या विशेषणात. एकाचे यंत्र, दुसऱ्याचे काटे, घासूनघासून कडा हरवलेली केस आणि वर मूळ कंपनीने कधी स्वप्नातही न पाहिलेल्या केशरी वा जांभळ्या रंगाची नवी रंगविलेली तबकडी, असे हे मिश्रकुलोत्पन्न घड्याळ 'विंटेज' म्हणून सातासमुद्रापार रवाना होते. मला त्या कारागिरांचा सरसकट धिक्कार करवत नाही. जुने घड्याळ 'नव्यासारखे करून द्या' असा आग्रह मुळात गिऱ्हाइकांचाच होता, आणि पिवळी पडलेली तबकडी पांढरी करून देणे ही तेव्हा फसवणूक नसून सेवा समजली जाई.

या सेवेचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. वडिलांचे घड्याळ मी एका दुकानात फक्त साफ करण्यासाठी दिले होते. ते परत आले तेव्हा तबकडी दुधासारखी शुभ्र झालेली होती, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण पुढली दोन वर्षे मी तिच्या टवटवीतपणावर खूष होतो. नंतर आमच्या पेठेतल्या वृद्ध घड्याळजींनी काहीएक न बोलता माझ्या हातात भिंग दिले. मिनिटांच्या रेघा कडेपर्यंत पोचत नव्हत्या, अक्षरांच्या कडा फुटलेल्या होत्या. झाकणातल्या तिन्ही नोंदी या रंगकामाहून जुन्या होत्या; तबकडी रंगविणाऱ्याने स्वतःची खूण ठेवलीच नव्हती.

नकलेचा प्रश्न येथेच सुरू होतो. यंत्राची नक्कल करण्यात मला तरी लाज दिसत नाही. स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीच्या २८२४-२ या यंत्राच्या मापावर चीनच्या सीगल कंपनीने आपले एसटी-२१३० बेतले आहे आणि स्वतःचे नाव लावणाऱ्या घड्याळांत ते उघडपणे नांदते. अपराध घडतो तो तबकडीवर दुसऱ्याचे नाव छापताना; आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने तो दंडनीयही ठरविला आहे. पण नकली रोलेक्स बंद पडून टेबलावर आले, तर घड्याळजीने काय करावे? वृद्ध घड्याळजी ते साफ करून देतात. मात्र त्यात अस्सल तबकडी बसवून मागणाऱ्याला ते ओट्यावरूनच परत पाठवितात.

हौसेने फेरफार करणाऱ्यांची जात निराळी. सीकोचे स्वस्त घड्याळ घेऊन त्याची तबकडी, काटे, काच बदलणारे तरुण हल्ली पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी मला ममत्व वाटते, कारण चुकांतून ते पुष्कळ शिकतात. सीकोच्या यंत्रात सेकंदकाट्याची खुंटी ०.२० मिलिमीटरची, तर ईटीएच्या यंत्रात ०.२५ ची. पाच शतांशांचा फरक! पण एकाचा काटा दुसऱ्यात बसविला तर तो खुंटीवर चढतच नाही, किंवा सैल बसून साडेबाराच्या सुमारास गळून काचेखाली फिरत राहतो.

माझी वाचकांना विनंती एवढीच, की जुने घड्याळ दुरुस्तीस टाकताना तबकडीला हात लावू नये हे स्पष्ट सांगावे, काढलेले भाग पुडीत बांधून परत मागावे आणि जे बदलले त्याची नोंद झाकणात करवून घ्यावी. माझ्या 'जनता'च्या झाकणात आता चौथी नोंद आहे. तारखेपुढे दोनच शब्द आहेत: 'तबकडी रंगविलेली'.