ऑफिसातली चावडी: माणसं एकत्र कुठं येतात आणि का?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललेलं जसंच्या तसं नाही, थोडं आवरून लिहिलंय. एसटीत बसून वाचलंत तरी चालेल.

आजचा प्रश्न साधा आहे. बीड, माजलगाव, गेवराई, केज, कुठल्याही गावातलं एखादं सरकारी ऑफिस डोळ्यांसमोर आणा. मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, खोल्यांवर पाट्या, जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. आता सांगा, इथं काम करणारी आणि कामासाठी येणारी माणसं एकमेकांशी बोलतात कुठं? पॅसेजमध्ये तर नाहीच, तिथं फक्त उभं राहायचं. बोलणं होतं ते गेटबाहेर, टपरीवर. कोणत्या टेबलावर फाईल अडकलीय, साहेब मीटिंगला गेले की दौऱ्यावर, अर्जासोबत काय काय जोडायचं, हे सगळं दहा रुपयांच्या चहात कळतं. म्हणजे इमारत बांधली सरकारनं, पण तिची बैठकीची खोली चालवतो टपरीवाला. तेही कंपाउंडच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या धुळीत.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. टपरीवर कोण जातं आणि कोण जात नाही, ते बघा. ऑफिसातल्या बायका सहसा तिथं दिसत नाहीत. कडेवर लेकरू घेऊन आलेली बाई तिथं थांबत नाही. काठी टेकत आलेला म्हातारा रस्ता ओलांडून जात नाही, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचं तर विचारूच नका. त्यामुळं जी माहिती टपरीवर फिरते, ती या लोकांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचते. एकत्र बसायची जागा हा सजावटीचा प्रश्न नाही, असं मी म्हणतो ते यासाठी. माहिती कुणाला आधी मिळणार आणि कुणाचा हेलपाटा वाया जाणार, हे त्या जागेवर ठरतं.

आता जरा मागं जाऊ. आपल्याकडं ऑफिस आणि लोकांची बसायची जागा ह्या दोन वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच. गावचं ऑफिस म्हणजे चावडी. पाटील-कुलकर्णी तिथं बसून महसुलाचं काम करायचे, वसुली व्हायची, भांडणंही तिथंच मिटायची. आणि काम नसलेली माणसंसुद्धा तिथं येऊन बसायची. महसूल खातं आजही गावात सातबाराच्या नोंदी सगळ्यांसमोर वाचून दाखवतं, त्याला ‘चावडी वाचन’च म्हणतात. शब्द टिकला, जागा गेली. (चावडीचं फार गोडवं गायला नको, हेही सांगतो. तिथं कोण वर बसणार आणि कोण लांब उभं राहणार हे जातीवर ठरायचं, आणि बायकांना तर तिथं जागाच नव्हती. आपल्याला चावडीची रचना घ्यायची आहे, तिची उतरंड नाही.)

मराठवाड्यातले जुने वाडे बघितलेत का? माळवदाची घरं, जाड भिंती, मोठा दरवाजा. दरवाजातून आत गेलं की लगेच घर सुरू होत नाही, आधी ढाळज लागते. वर छप्पर, बाजूला बसायला उंच ओटे, पुढं चौक. कामासाठी आलेला माणूस ढाळजेत बसायचा. तिथून त्याला रस्ता दिसायचा आणि आतलं थोडंसं घर दिसायचं. मालक मोकळा आहे का, आत काही गडबड चाललीय का, हे बघून पुढं जायचं की परत फिरायचं, हे तो ठरवायचा. रस्ता, मग ओटा, मग ढाळज, मग चौक, मग ओसरी. बाहेरचं आणि घरचं यांच्यामध्ये चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर थांबायला जागा. शिवाय उन्हाळ्यात ढाळजेत जी सावली आणि वारा असतो, तो पंख्याखाली मिळत नाही.

आजकाल आर्किटेक्ट लोक ‘अर्धी उघडी जागा’ म्हणतात ती हीच. माणूस मोकळेपणानं तिथंच थांबतो, जिथं यायला परवानगी लागत नाही आणि निघायला कारण लागत नाही.

आता जगात काय झालं ते बघू. अमेरिकेत एमआयटीमध्ये थॉमस अॅलन नावाचे प्राध्यापक होते. इंजिनिअर लोक एकमेकांशी किती वेळा बोलतात आणि त्यांची टेबलं किती लांब आहेत, हे त्यांनी मोजलं. १९७७ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं: अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढं गेलं की जवळपास संपतं. ५० मीटर म्हणजे किती? खो-खोच्या मैदानाच्या दुप्पटसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, आता व्हॉट्सअॅप आहे की. पण पुढं असंही लक्षात आलं की ज्यांना आपण रोज समोर बघतो, त्यांनाच फोन आणि मेसेजही जास्त करतो. फोन अंतर मिटवत नाही, असलेली ओळख वाढवतो.

दुसरी गोष्ट पिक्सारची. ‘टॉय स्टोरी’वाली कंपनी. तिची कॅलिफोर्नियातली इमारत २००० साली सुरू झाली, आणि स्टीव्ह जॉब्स यांनी तिच्या रचनेत स्वतः लक्ष घातलं होतं. मधोमध मोठं सभागृहासारखं मोकळं दालन, तिथंच कॅफे, तिथंच टपालाच्या पेट्या. जॉब्स यांचा विचार तर असा होता की अख्ख्या इमारतीची स्वच्छतागृहंही फक्त तिथंच ठेवायची, म्हणजे प्रत्येकाला दिवसातून चार वेळा तिथं यावंच लागेल. लोकांनी विरोध केला, तेव्हा ती इतर ठिकाणीही बांधली. मला यातला पहिला भाग पटतो आणि दुसराही. माणसं भेटावीत म्हणून जागा वाटेवर ठेवा, पण लघवीला दहा मिनिटं चालायला लावू नका. आपल्याकडं तर ऑफिसात बायकांसाठी चालू, स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह असणं हीच पहिली सामायिक सुविधा आहे. ते नसेल तर बाकीच्या बाकड्या-झाडांचं काही खरं नाही, कारण बाई काम उरकून लवकर घरी पळणार.

मग सगळ्या भिंतीच पाडून टाकल्या तर? एकच मोठा हॉल, सगळे एकमेकांसमोर? हार्वर्डच्या दोन संशोधकांनी, बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी, दोन मोठ्या कंपन्यांमध्ये हे मोजलं. भिंती काढून ऑफिस उघडं केलं, त्याच्या आधी आणि नंतर. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला: समोरासमोर बोलणं वाढलं नाही, उलट सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं. लोक हेडफोन घालून बसले आणि शेजारच्याला ईमेल करू लागले. का, ते कळायला हार्वर्डला जायची गरज नाही. एका खोलीत सात जण राहणाऱ्या पोरांना विचारा, माणूस सारखा सगळ्यांच्या नजरेत असला की तोंड मिटून बसतो. काम करायला आडोसा लागतो आणि गप्पांना चौक लागतो. वाड्यात दोन्ही होतं. नुसत्या हॉलमध्ये दोन्ही नसतं.

पुण्यात हडपसरला सुझलॉन कंपनीचं ‘वन अर्थ’ म्हणून कॅम्पस आहे, २००९ च्या सुमाराचं. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर. जन्मानं अमेरिकन, पण कित्येक दशकं पुण्यातच राहिले आणि २०२४ मध्ये वारले. त्यांनी तिथं टॉवर उभा केला नाही. कमी उंचीच्या इमारती, मधून मधून अंगणं आणि पाणी, आणि मधोमध एक मोठा चौक. वाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेला ब्रह्मस्थान म्हणतात, ती कल्पना त्यांनी सरळ ऑफिसात आणली. अर्थात, तो पैसेवाल्या कंपनीचा कॅम्पस आहे आणि बाहेरचा माणूस गेटवरच अडतो. आपल्या तहसीलला ते परवडायचं नाही. पण चौकाला काच लागत नाही. चौकाला लागते मोकळी जागा सोडायची तयारी.

आणि आपल्या शेजारच्या नगरचं उदाहरण तर घरचंच आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयातल्या कागदपत्रांची वर्गवारी केली, सहा गठ्ठे पद्धत आणली आणि टेबल-खुर्च्यांची मांडणीही बदलली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर गाजला. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की नवीन इमारत न बांधता, आहे त्या खोलीत माणूस कुठं बसतो याचा विचार केला. ऑफिस सुधारायचं म्हणजे आधी निविदा काढायची, असं काही नसतं.

तर बीडमध्ये काय करता येईल? जिन्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर ‘मनोरंजन कक्ष’ बांधायचा, उद्घाटन करायचं, मग कुलूप लावून किल्ली शिपायाकडं द्यायची, हे नको. रिकाम्या सुविधांचं कारण जवळपास नेहमी हेच असतं: जागा वाटेवर नसते. माणूस मुद्दाम गप्पा मारायला जात नाही. तो पाणी प्यायला जातो आणि गप्पा होतात. निमित्त लागतं. आपल्या भागात पाण्याइतकं मोठं निमित्त दुसरं कोणतं? एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, जिथं थंड पाणी मिळतं तिथं गर्दी होतेच. मग पाण्याचा फिल्टर पॅसेजच्या आंधळ्या टोकाला, स्वच्छतागृहाला चिकटून का ठेवायचा? तो दाराजवळच्या सावलीत आणा. शेजारी ओटा बांधा, पाठ टेकता येईल असा. मोबाइल चार्जिंगचे दोन पॉइंट द्या. झेरॉक्सवाला आणि चहावाला आत आणा, भाडं घ्या. आणि टपरीवर तोंडी फिरणारी माहिती, म्हणजे कोणतं टेबल, कोणती कागदपत्रं, साहेब कधी भेटणार, ती तिथल्याच फळ्यावर रोज सकाळी लिहा.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाच्या माणसानं चौकाचौकांत कॅमेरे लावून लोक कुठं बसतात हे बघितलं होतं. १९८० मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचा मोठा शोध ऐकून हसू येईल: बसायला जागा असेल तिथं लोक बसतात. आणि खुर्ची हलवता येत असेल तर बसण्याआधी ती वीतभर सरकवतात, गरज नसली तरी. ती खुर्ची मग ‘आपली’ होते. सरकारी ऑफिसातली बाकडी जमिनीला बोल्टनं आवळलेली असतात, चोरीच्या भीतीनं. भीती खरी आहे, पण निदान ती समोरासमोर तरी आवळा. भिंतीकडं पाठ करून एका रांगेत बसलेली वीस माणसं बोलत नाहीत, वाट बघतात.

सातबारा मोबाइलवर आला, ई-पीक पाहणी आली, मग ऑफिसात येतं कोण? खरंय, साध्या कामाचे हेलपाटे कमी झाले. पण म्हणूनच आता जो येतो, त्याचं काम गुंतागुंतीचं असतं: वारसाची नोंद, बांधाचं भांडण, चुकलेलं नाव. त्याला फॉर्म नकोय, त्याला बोलायचंय. कर्मचाऱ्यालाही ते पॅसेजमध्ये उभ्यानं ऐकून घेणं जड जातं. दोन खुर्च्या आणि थोडा आडोसा असलेली एक जागा दोघांचाही दिवस सोपा करते. लेकुरवाळ्या बायकांसाठी हिरकणी कक्ष काही ठिकाणी आहेत. ते या बसायच्या जागेला लागून हवेत, स्टोअर रूमच्या मागं नकोत.

खासगी नोकरी करणाऱ्यांसाठी थोडं कायद्याचं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ चा, सांगतो की १०० किंवा जास्त कामगार असतील तर कॅन्टीन आणि ५० किंवा जास्त असतील तर पाळणाघर. आपल्याकडची बरीचशी ऑफिसं यात बसतच नाहीत. शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर आठ-दहा पोरं, शेजारी सीएचं ऑफिस, पलीकडं अभ्यासिका, खाली मेडिकल. एकटं कुणीच कॅन्टीन काढू शकत नाही. पण मजला तर एकच आहे ना! चौघांनी मिळून एक फिल्टर, जिन्याच्या चौकात दोन बाकं, गच्चीवर हिरव्या जाळीची सावली, आणि साफसफाईच्या बाईचा पगार वाटून. तो पगार आधी ठरवा, बाकं नंतर आणा. सामायिक जागा मरतात त्या पैशाअभावी कमी, आणि ‘झाडायचं कुणी’ या प्रश्नानं जास्त.

गच्चीची किल्ली मात्र मालकाकडं असते. ती मागायला एकट्यानं जाऊ नका, चारही भाडेकरू मिळून जा, आणि जाताना अभ्यासिकेतल्या पोरींनाही सोबत घ्या. संध्याकाळी सातनंतर जिन्यात दिवा असतो की नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.