आठ ओळींचे कौतुक

गेल्या वर्षी आपल्या सिडनीतल्या एका सभासदांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांच्या कविता. आम्ही त्यावर आठ ओळी छापल्या. मुखपृष्ठ आकर्षक, भाषा ओघवती, संग्रही ठेवावा असा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आभार वगैरे झाल्यावर म्हणाले, "एक विचारू? तुमच्यापैकी कुणी पुस्तक वाचलंत का हो?"

आम्ही गप्प. खरं सांगायचं तर निम्मंच वाचलं होतं.

पुस्तक लिहिणाऱ्याला स्तुती हवी असते असे आपण धरून चालतो. त्याला हवा असतो कुणीतरी शेवटपर्यंत वाचणारा, आणि जिथे पटले नाही तिथे का पटले नाही ते नीट सांगणारा. हे आठ ओळींत होत नाही. वृत्तपत्रांतही आता पुस्तकांना जागा उरलेली नाही, इथल्याही आणि तिकडच्याही.

आपल्या पॅरामॅटा-वेस्टमीडच्या घरांपासून फार लांब नाही, त्या वेस्टर्न सिडनी विद्यापीठाच्या आश्रयाने 2013 साली 'सिडनी रिव्ह्यू ऑफ बुक्स' सुरू झाले. छापील अंक नाही, सगळे इंटरनेटवर. एकेका पुस्तकावर दोन-तीन हजार शब्दांचा लेख, वाचायला फुकट, आणि लेखकाला मानधन! म्हणजे पैसा वाचकाकडून येत नाही. तो विद्यापीठ आणि सरकारी कलानिधी यांच्याकडून यावा लागतो. इथेच खरी गोम आहे. 2015 च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारने ऑस्ट्रेलिया कौन्सिलचे सुमारे 10 कोटी 50 लाख डॉलर काढून मंत्र्यांच्या अखत्यारीतील नव्या योजनेकडे वळवले. पुढच्याच वर्षी अनेक संस्थांचे बहुवार्षिक अनुदान गेले, त्यात 1940 पासून निघणारे 'मीनजिन' त्रैमासिकही होते. 2025 च्या सप्टेंबरात तर त्याच्या प्रकाशकांनी, आर्थिक कारण देऊन, ते बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याला हे नवे नाही. 'सत्यकथा' 1982 साली बंद झाली तेव्हाची हळहळ आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. महाराष्ट्रात साहित्य आणि संस्कृती मंडळ वाङ्मयीन नियतकालिकांना अनुदान देते, पण नुसत्या अनुदानावर समीक्षक तयार होत नाहीत, हेही खरे.

मग आपला काय संबंध? आपली मुले आता इंग्रजीत लिहू लागली आहेत. मुंबईहून इथे आलेल्या रोआना गोन्साल्विस यांच्या 'द पर्मनंट रेसिडेंट' या कथासंग्रहाला 2018 साली न्यू साउथ वेल्सचा बहुसांस्कृतिक साहित्य पुरस्कार मिळाला. स्थलांतरितांच्या घरातल्या अडचणी त्यात आहेत. असल्या पुस्तकांवर आपण, ज्यांची ती गोष्ट आहे, चार पानं लिहायची नाहीत तर कुणी लिहायची?

समितीत हा विषय काढला तेव्हा कोषाध्यक्षांनी भुवया उंचावल्या. "परीक्षणाला पैसे? दिवाळीच्या जेवणाचे बिल बघा आधी!" त्यांचेही चुकत नाही. बऱ्याच वादानंतर ठरले ते असे: वर्षातून दोन अंकांत प्रत्येकी चार पाने एका पुस्तकाला, आणि लिहिणाऱ्याला दीडशे डॉलर, नाटकाच्या तिकिटांतून. पहिले पुस्तक तोच कवितासंग्रह. परीक्षण लिहिणाऱ्या भगिनींनी तो दोनदा वाचला आहे, आणि तिसऱ्या विभागातल्या कविता त्यांना अजिबात आवडलेल्या नाहीत. कवींना हे आधीच कळवले. ते म्हणाले, "छापा."