गप्पींच्या घरातला स्पंज

आमच्या तिसरीच्या वर्गात फळ्याशेजारी एक काचेची पेटी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. तिच्यात राहतात गप्पी मासे. हो, तेच गप्पी! डासांच्या अळ्या गट्टम करतात म्हणून आरोग्य खात्याचे लोक साठलेल्या पाण्यात सोडतात ना, तेच.

२०२२ च्या जुलैत यातले नऊ मासे एका आठवड्यात मेले. चूक कुणाची, सांगू? तुमच्या या बाईंचीच!

झालं असं, की फिल्टरचा स्पंज गाळानं बुळबुळीत झाला होता. मी तो नळाखाली धरला आणि स्वच्छ पाणी गळेपर्यंत खसाखसा पिळला. मुलं म्हणाली, "बाई, एकदम नव्यासारखा झाला!" तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. पाणी तर आरशासारखं नितळ दिसत होतं. मग बिनसलं कुठे?

त्याचं असं आहे. मासे श्वास घेताना कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. अमोनियाला रंग नाही, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पण माशांसाठी तो विषच. स्पंजाच्या बारीक छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वस्ती करून असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! मग दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र बरंचसं निरुपद्रवी. या दुसऱ्या कामगारांचं नाव जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टर असं सापडेल. पण पेट्यांमध्ये हे काम नायट्रोस्पायरासारखे जीवाणू करतात, असं १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं.

आता आलं लक्षात? नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेला असतो. मी आमचे सगळे सफाई कामगार एका झटक्यात मारून टाकले होते!

म्हणून दुकानात फिल्टर घ्यायला गेलात, तर "पाणी किती चकाचक करतो?" एवढंच विचारू नका. जीवाणूंना राहायला जागा किती आणि लहान माशांना धोका किती, हे आधी बघा. मोटार लावलेला फिल्टर पाणी जोरात खेचतो. मोठ्या माशांना तो चालेल. गप्पींची पिल्लं मात्र त्याच्या तोंडात ओढली जातात आणि लांब शेपटीचे नर प्रवाहात नुसते हेलपाटतात. असला फिल्टर घरात आधीच असेल तर टाकू नका, त्याच्या तोंडाला स्पंज बसवा. खडीखाली जाळी टाकायचा प्रकारही मिळतो, पण तिथला गाळ काढायचा म्हणजे सगळी पेटी उकरावी लागते. मला तो आवडत नाही.

छोट्या माशांना साधा स्पंज फिल्टर उत्तम. बाहेरचा एअर पंप नळीतून हवा सोडतो, बुडबुडे वर जाताना पाणी सोबत घेऊन जातात आणि त्याची जागा भरायला नवं पाणी स्पंजातून हळूच आत येतं. पिल्लू ओढलं जाईल इतका जोर त्याला नसतोच. पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवा. नाहीतर वीज गेली, की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. पालकांनो, पेटीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करायची सवय मुलांना तुम्हीच लावा.

नव्या स्पंजात जीवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवा, खाणं चिमूटभर घाला. दर आठवड्याला पाव पेटी पाणी काढून, बादलीत एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी भरा.

आणि स्पंज? पाणी बदलताना पेटीतलंच पाणी टबात काढायचं, त्यात तो दोन-तीनदा हलकेच दाबायचा आणि परत लावायचा. थोडा मळकट राहिला तर राहू द्या. आमच्या वर्गात हे काम आता मुलं करतात, बाईंना हात लावू देत नाहीत! गेल्या सोमवारी पेटीत तांदळाच्या दाण्याएवढी चौदा पिल्लं दिसली. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग काचेला नाक लावून उभा होता, आणि पिल्लं त्या मळकट स्पंजावर टोचे मारत मजेत खात होती.