दिव्यांचा फ्यूज : किती अँपियरचा आणि का

फ्यूज कशाचे रक्षण करतो, असे विचारले तर बहुतेक घरांत 'दिव्याचे', 'पंख्याचे' किंवा 'टीव्हीचे' असे उत्तर मिळते. हे उत्तर बरोबर नाही, आणि याच गैरसमजातून पुढचा धोका जन्माला येतो. फ्यूज रक्षण करतो ते तारेचे. दिवा जळाला तर नवा आणता येतो; परंतु भिंतीत गाडलेली, किंवा पेठेतल्या जुन्या वाड्याच्या तुळईवरून गेलेली तार आतल्या आत तापत आहे, हे कोणाच्याही नजरेस पडत नाही. म्हणून फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो, उपकरणावरून नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धोत्तर विद्युतविकासाच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते. विपुल आणि स्वस्त विजेवाचून औद्योगिकीकरण नाही व औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ साली धोरण समितीपुढे मांडली. ती वीज आज आपल्या वस्त्यांत, चाळींत, वसतिगृहांत पोहोचली आहे. मात्र मीटरच्या पुढची वायरिंग सांभाळण्याची जबाबदारी महावितरणची नसून घरमालकाची असते. तेव्हा तिच्याविषयी चार गोष्टी प्रत्येक पालकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

तारेतून प्रवाह वाहिला की उष्णता निर्माण होते. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आपल्याकडील नेहमीच्या तारांवरचे पीव्हीसीचे आवरण सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत टिकण्यासाठी बनविलेले असते. त्यापलीकडे ते एकाएकी पेट घेत नाही. वर्षानुवर्षे मऊ पडते, कडक होते, तडकते, आणि एके दिवशी दोन तारा एकमेकींना भिडतात. ज्याला आपण 'शॉर्टसर्किट' म्हणून मोकळे होतो, त्यामागे अनेकदा कित्येक वर्षांचा दुर्लक्षित अतिभार उभा असतो. धम्माने कार्याकडून कारणाकडे जाण्याची जी सवय आपल्याला लावली, ती इथेही उपयोगी पडते.

आता हिशेब. आपल्या वायरिंगच्या प्रचलित नियमानुसार दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत आणि एकूण भार ८०० वॅटच्या आत असावा. आपला दाब २३० व्होल्ट. ८०० ला २३० ने भागले की साडेतीन अँपियर येतात. म्हणूनच दिव्यांच्या सर्किटला जुन्या पद्धतीत ५ अँपियरचा फ्यूज आणि आज ६ अँपियरचा एमसीबी बसवितात. तार तांब्याची, दीड चौरस मिलीमीटरची. तीन पंखे प्रत्येकी ७५ वॅट, सहा एलईडी दिवे प्रत्येकी ९ वॅट आणि १०० वॅटचा टीव्ही धरला, तर बेरीज ३७९ वॅट होते, म्हणजे जेमतेम पावणेदोन अँपियर. पूर्वी ६० वॅटचे दहा बल्ब २.६ अँपियर घेत; आज ९ वॅटचे दहा एलईडी ०.४ अँपियरमध्ये भागवितात.

म्हणजे दिव्यांचा भार पूर्वीपेक्षा घटला आहे. तरीही दिव्यांचा एमसीबी वारंवार पडत असेल, तर त्या सर्किटवर तिसरेच काहीतरी चालू आहे किंवा कुठेतरी दोष आहे. बहुधा कोणीतरी बोर्डावरच्या लहान सॉकेटमध्ये १००० वॅटची इस्त्री (४.३ अँपियर) किंवा १५०० वॅटचा पाणी तापविण्याचा रॉड (६.५ अँपियर) लावलेला असतो. त्यांची जागा १६ अँपियरच्या स्वतंत्र सर्किटवर, अधिक जाड तारेवर आहे.

पण घडते काय? '६ चा सारखा पडतो, १६ चा टाक' असे म्हणून तपकीर गल्लीतून मोठा एमसीबी आणला जातो. पडणे थांबते आणि सगळे समाधानी होतात. मानकाप्रमाणे एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर तासभर तरी पडता कामा नये, आणि १.४५ पट प्रवाहावर तासाच्या आत पडलाच पाहिजे. याचा अर्थ ६ चा एमसीबी ८.७ अँपियरवर तासाभरात तोडतो. १६ चा मात्र १८ अँपियर निवांत वाहू देतो आणि २३ अँपियरही जवळपास तासभर सोसू शकतो. जुन्या घरांत एक चौरस मिलीमीटरची तार असेल, तर पाइपातून जाताना तिची क्षमता सुमारे ११ अँपियर. १८ अँपियरवर तिच्यात अडीच पटींहून अधिक उष्णता निर्माण होते. एमसीबी शाबूत आणि तार भाजते आहे, अशी ही अवस्था.

चिनी मातीच्या किटकॅटची गोष्ट याहून बिकट. ५ अँपियरसाठी कल्हई केलेली तांब्याची सुमारे ०.२ मिलीमीटर जाडीची फ्यूजतार लागते. ती सात-आठ अँपियरला वितळते. ती हाताशी नसली की वायरचा एक धागा काढून बांधतात. दीड चौरस मिलीमीटरच्या लवचिक तारेतला एक धागा ०.३ मिलीमीटरचा असतो आणि तो सुमारे १३ अँपियरला वितळतो. दोन धागे पिळले की हा आकडा जवळपास दुप्पट. तीन पिळणारेही महाभाग आहेत. त्यांच्या घरी फ्यूज आहे असे म्हणणे केवळ औपचारिक होय.

१४ एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा या दिवसांत हा प्रश्न विशेष उभा राहतो. एलईडीच्या माळा निरुपद्रवी. त्या फार थोडी वीज घेतात. परंतु घरातल्या बोर्डावरून अंगणातले ५०० वॅटचे तीन हॅलोजन जोडले, तर साडेसहा अँपियर तिथेच गेले. त्यात घरचा भार मिळविला की आठच्या वर. मग एमसीबी लगेच न पडता कार्यक्रम रंगात आल्यावर पडतो, कारण अतिभार ओळखणारी आतली द्विधातू पट्टी तापून वाकायला वेळ घेते. (शॉर्टसर्किटला मात्र चुंबकीय भाग क्षणात तोडतो.) अशा वेळी मोठा एमसीबी शोधू नये, हॅलोजन उतरवून ५० वॅटचे एलईडी लावावेत. मोठ्या रोषणाईसाठी मंडळांनी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी.

एमसीबी विजेच्या धक्क्यापासून वाचवीत नाही, हेही ध्यानी असावे. त्यासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी वेगळा लागतो. आणि तो अतिभार ओळखत नाही, म्हणून दोन्ही हवेत. जुन्या बोर्डांवर फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर किटकॅट असत. त्यातील न्यूट्रलचा उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते आणि बल्ब बदलणारा हात फसतो. असा बोर्ड घरी असेल, तर परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे लिंक बसवून घ्यावी, आणि त्याच भेटीत भिंतीतली तार किती जाडीची आहे हे विचारून बोर्डाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावे.