सहलीचा हिशेब : हैदराबाद, खोपोली की सिंगापूर?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की यवतमाळ, पुसद, वणीच्या बाजारपेठेत सहलींची पत्रके फिरू लागतात. सिंगापूर, दुबई, थीम पार्कची तिकिटे आणि सोबत सुलभ हप्ते! आपला व्यापारी वर्ग माल घेताना भाडे, हमाली, कर धरून तो घरात काय भावाने पडला हे चोख काढतो. सहल मात्र तो पत्रकावरच्या आकड्यावर घेतो. देशातील व परदेशातील थीम पार्कच्या सहलीचा खरा हिशेब काय, हे वाचकांच्या माहितीसाठी येथे मांडत आहोत.

हिशेब चौघांचा आहे : पती-पत्नी आणि दोन शाळकरी मुले. प्रत्येक सहलीत खेळांचे दिवस दोनच धरले आहेत. आकडे ढोबळ असून हंगामाप्रमाणे मागेपुढे होतील.

तीन सहली, तीन हिशेब

हैदराबाद : यवतमाळहून पांढरकवडा, आदिलाबादमार्गे सुमारे ४०० किलोमीटर. स्वतःच्या गाडीचे पेट्रोल व टोल जाऊन-येऊन ८ हजार रुपये, तीन रात्रींचे साधे हॉटेल ६ हजार, जेवणखाण ६ हजार. एक दिवस १९९६ साली सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी आणि एक दिवस २०१६ साली उघडलेले वंडरला. तिकीट माणशी सरासरी दीड हजार धरल्यास दोन्हींचे मिळून १२ हजार. एकूण ३२ हजार.

खोपोली : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून कल्याणपर्यंत रेल्वेचे वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे १० हजार, पुढे टॅक्सी ४ हजार, दोन रात्री हॉटेल ८ हजार, जेवण ६ हजार, थीम पार्क व वॉटर पार्कची तिकिटे १२ हजार. एकूण ४० हजार. मुंबईच्या गोराईतील एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून विदर्भातील मुलांच्या ओठांवर असे. ते आता बंद झाले आहे.

सिंगापूर : विमानभाडे १ लाख १२ हजार, पासपोर्ट व व्हिसा १७ हजार, चार रात्री हॉटेल ४० हजार, जेवण व शहरातील प्रवास २५ हजार, घरापासून विमानतळापर्यंत जाणे-येणे १० हजार. सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओचे मोठ्यांचे तिकीट ८० सिंगापूर डॉलरच्या आसपास असते. तेथील एक दिवस व दुसऱ्या एखाद्या ठिकाणचा एक दिवस मिळून ३० हजार. एकूण २ लाख ३४ हजार.

म्हणजे खेळाचा एक दिवस हैदराबादला १६ हजारांना पडतो, खोपोलीला २० हजारांना आणि सिंगापूरला १ लाख १७ हजारांना. त्यातही हैदराबादला शंभर रुपयांतले ३७ रुपये प्रत्यक्ष खेळांवर जातात, तर सिंगापूरला जेमतेम १३. बाकीचे पैसे प्रवास आणि मुक्कामाचे. पत्रकात ठळक छापलेले ‘थीम पार्कचे तिकीट समाविष्ट’ हे शब्द म्हणूनच फारसे मोलाचे नाहीत. शिवाय हैदराबादला दुकान चार दिवस बंद राहते, सिंगापूरला किमान सात. कापड, भांडी, सोने-चांदीच्या व्यापाऱ्यांसाठी एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. तेव्हा हे तीन दिवसही हिशेबात धरलेच पाहिजेत.

अमेरिकेचे डिस्नेलँड तर दूरच. १९५५ साली ते उघडले तेव्हा मोठ्या माणसाचे प्रवेश तिकीट १ डॉलर होते, खेळांचे पैसे वेगळे. आता एका दिवसाला शंभराहून अधिक डॉलर लागतात आणि डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. जून २०२३ पासून अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाचे शुल्क माणशी १८५ डॉलर आहे. चौघांचे ६६ हजारांवर गेले आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत.

महाग का?

थीम पार्क हा अवाढव्य भांडवलाचा धंदा आहे. पाळणे चालोत वा न चालोत, व्याज, वीज आणि पगार चुकत नाहीत. पॅरिसजवळचे डिस्नेलँड १९९२ साली उघडले आणि दोन वर्षांत तोट्याने घायकुतीला आले. १९९४ साली सौदी राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांनी मोठा हिस्सा घेऊन त्याला हात दिला. आपल्याकडे इमॅजिकाही कर्जाखाली दबले आणि २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. हा भार दारावरच्या तिकिटातून सगळा निघत नाही. म्हणून बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत आणि लॉकर, पोहण्याचे कपडे, फोटो यांचे पैसे वेगळे घेतात. सरकारचा वाटाही आहेच. जुलै २०१७ मध्ये या तिकिटांवर २८ टक्के जीएसटी लागला, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आणला गेला.

कराची बाजू

परदेशी सहलीचे पॅकेज विकताना टीसीएस कापणे ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे झाले. हा दर अनेकदा बदलला असून २०२६ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के करण्याचा प्रस्ताव आला. ही रक्कम आपल्या पॅनवर जमा होते व विवरणपत्र भरल्यास करात वळती होते किंवा परत मिळते. विवरणपत्रच न भरणाऱ्या छोट्या दुकानदाराची मात्र ती बुडाल्यात जमा. दुसरे असे की, परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांहून अधिक खर्च करणाऱ्यास, उत्पन्न करपात्र नसले तरी, विवरणपत्र भरणे २०१९ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले. वरची सिंगापूरची सहल या मर्यादेत येते.

हप्त्याची सहल

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे हप्ते. २ लाख रुपये १५ टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,७०० रुपये बसतो आणि व्याजापोटी ३२ हजारांवर रुपये जातात. म्हणजे हैदराबादची अख्खी सहल निव्वळ व्याजात गेली! व्याजाबद्दल आपल्या घरांत जी भूमिका आहे ती बाजूला ठेवली, तरी हा व्यवहार तोट्याचाच. ज्या जिल्ह्यात कापसाचा एक हंगाम फसला की बाजारातली उधारी थकते, तेथे मौजेसाठी हप्ता बांधून घेणे शहाणपणाचे नाही. सिंगापूर पाहायचेच असेल तर दरमहा १० हजारांची भिशी लावावी. दोन वर्षांत २ लाख ४० हजार होतात, व्याज शून्य.

निघण्यापूर्वी

तिकीट शनिवार-रविवार टाळून घ्यावे, आठवड्यातल्या इतर दिवशी बहुधा स्वस्त पडते. मुलांची सवलत वयावर आहे की उंचीवर, ते आधी विचारावे. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. महिलांना पूर्ण अंगभर पोशाख चालतो का, हे पैसे भरण्यापूर्वी फोनवर पक्के करून घ्यावे. फार खर्च नको असेल तर नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावला वॉटर पार्क आहे. सकाळी निघून रात्री घरी परतता येते आणि दुकान एकच दिवस बंद राहते.