दोऱ्यामागून येणारा वक्र

टेबलावर खरखरीत कागद चिकटवला, काठालगत एक सरळ रेघ मारली. जड नटाला दोरा बांधला: गाठीपासून पकडीपर्यंत २० सेंटीमीटर. दोरा रेघेशी काटकोनात ताणला आणि पकडलेलं टोक रेघेवरून सरकवू लागलो. नट आधी जवळजवळ सरळ रेघेकडे येतो, मग वळतो, आणि पुढे रेघेला बिलगू पाहतो. मधूनमधून थांबून त्याच्या भोकातून पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. झटका दिला की नट वाहवत जातो. सावकाश ओढलं तरच तो दोऱ्याच्या दिशेने सरकतो, दुसरीकडे कुठे नाही.

हा खेळ पॅरिसचा. १६७०च्या दशकात क्लोद पेरो यांनी खिशातलं घड्याळ साखळीने असंच ओढून गणितज्ञांना विचारलं, हा वक्र कोणता? पेरो पेशाने डॉक्टर आणि वास्तुकार. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारे शार्ल पेरो हे त्यांचे भाऊ. लायब्निझने उत्तर छापलं १६९३ मध्ये.

दोरा म्हणजे वक्राची स्पर्शिका, आणि नटापासून रेघेपर्यंत तिची लांबी कायम २०. एवढीच अट. कुठल्याही ठिपक्यापाशी काटकोन त्रिकोण काढा. कर्ण २०, उभी बाजू नटाचं रेघेपासूनचं अंतर, आडवी बाजू पायथागोरस देतो. उभीला आडवीने भागा. नट खाली उतरतोय म्हणून उणे चिन्ह द्या. हा झाला वक्राचा चढ, आणि हेच अवकल समीकरण. खरी कसोटी या त्रिकोणाची. वर्गात मात्र आकृती न काढताच 'चलं वेगळी करा'कडे धाव असते, आणि उणे चिन्ह तिथेच हरवतं.

चलं वेगळी होतातही सहज. संकलन केलं की लॉगॅरिदम येतो, सोबत एक स्थिरांक. तो बदलला तर तोच वक्र रेघेला समांतर नुसता सरकतो. सुरुवातीला नट कुठे होता, यावरून तो ठरतो.

सूत्र सांगतं: नट रेघेपासून १० सेंटीमीटरवर येईल तेव्हा हात २६.३ सेंटीमीटर गेलेला असेल, नट मात्र आडवा फक्त ९. कागदावरचे ठिपके याच्या अगदी जवळ पडले. ५ सेंटीमीटरवर यायला हात ४१.३ पर्यंत न्यावा लागतो. रेघेला नट कधीच टेकत नाही.

घरी करून पाहा. दोरा कितीही लांब घ्या. नटाचं रेघेपासूनचं अंतर सुरुवातीच्या निम्मं झालं की हाताची वाटचाल दोऱ्याच्या १.३१७ पट भरायला हवी. फार फरक पडला तर आधी ओढण्याचा वेग कमी करा.