बुलेट कापण्याआधी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचा रूळ १३० मीटर लांबीचा, एकसंध काढला जातो. असे दोन रूळ कारखान्यातच जोडून २६० मीटरचा सलग तुकडा रेल्वेला दिला जातो. इतकं लांब पोलाद लाटायचं, सरळ करायचं, तपासायचं आणि वाघिणींवर चढवायचं हे काही सोपं काम नाही. तरी ते केलं जातं, कारण रुळावरची सगळ्यात संशयाची जागा म्हणजे जोड. जोड जितके कमी, तितका धोका कमी.

याच गावात नंदिनी रोडला किंवा पॉवर हाउसच्या गल्लीत, एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी बुलेट स्टँडवर चढवलेली दिसते. सीट उतरवलेली, मागचं मडगार्ड भिंतीला टेकवलेलं. मिस्त्री खडूनं चॅसिसवर खूण करतो : इथून कापायचं. गाडीची ‘कॅफे रेसर’ व्हायची असते. त्या खडूच्या खुणेबद्दल मला बोलायचं आहे.

कॅफे रेसर म्हणजे वाकून बसायची, बुटक्या हँडलची, एकट्यापुरत्या सीटची, अंगावर फालतू काही न ठेवलेली मोटारसायकल. तिचं माहेर लंडन. नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये ट्रकवाल्यांसाठी एस कॅफे नावाचं खानपानगृह उघडलं. १९५०च्या दशकात तिथे मोटारसायकलवाली तरुण मंडळी जमू लागली. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर वेग गाठणं हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी गाडीवरून काय काय उतरवलं हे सगळे सांगतात. हँडल खाली का आणलं, हे मात्र गणित मांडलं तरच नीट कळतं.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट लागते. साध्या मोटारसायकलवर ताठ बसलेल्या माणसाचा हवेला होणारा अडथळा सुमारे ०.६ चौरस मीटर धरू. ताशी १०० मैलांना नुसती हवा कापायला ४३ अश्वशक्ती लागते. टाकीवर छाती टेकवून, कोपर आत घेऊन अडथळा ०.४५ वर आणला, तर तेच काम ३२ अश्वशक्तीत होतं. १९५९ मध्ये आलेल्या ट्रायम्फ बोनेव्हिल या त्या काळच्या नावाजलेल्या गाडीची ताकद होती ४६. त्यातली काही चेन आणि टायरमध्ये जिरणारच. म्हणजे ताठ बसून १०० मैल जवळपास अशक्य, वाकून बसलं तर हाताशी. बुटकं हँडल ही आधी गरज होती, ऐट नंतर आली.

त्या मंडळींची दुसरी करामत आपल्याकडे फारशी कुणी लक्षात घेत नाही. त्यांची सगळ्यात मानाची गाडी ‘ट्रायटन’, म्हणजे नॉर्टनच्या चॅसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी आखलेली नॉर्टनची ‘फेदरबेड’ चॅसिस १९५० मध्ये शर्यतीत उतरली. वळणावर इतकी स्थिर चॅसिस तेव्हा दुसरी नव्हती. लोक नॉर्टनमधून इंजिन काढायचे आणि चॅसिस जपायचे. पुढे २०१३ मध्ये रॉयल एनफिल्डनं चेन्नईत काँटिनेंटल जीटी ५३५ ही कॅफे रेसर बनवली, तीसुद्धा बुलेटची चॅसिस कापून नव्हे. इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सकडून दुहेरी नळ्यांची नवी चॅसिस आखून घेतली.

आता आपली बुलेट. ती बनवणारी मद्रासची एनफिल्ड इंडिया १९५५ची आणि भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत करारही १९५५चाच. त्या वेळी भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. कारखान्याबरोबर विदर्भातली कितीतरी मराठी घरं सेक्टरांतल्या क्वार्टरांत आली. तेव्हाच्या ३५० बुलेटमध्ये ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धाव असलेला एकच पिस्टन, घनफळ ३४६ सीसी, ताकद जेमतेम १८ अश्वशक्ती. वरचंच गणित लावलं तर ताशी ११० किलोमीटरला ताठ बसून हवेपायी जवळपास १४ अश्वशक्ती जाते, वाकून १० पुरते. हा फायदा खरा आहे. मात्र तो त्या वेगाचा आहे. सुपेल्याच्या गर्दीत ताशी २५ किलोमीटरला वाऱ्याचा दाब ११०च्या तुलनेत साधारण विसावा हिस्साच असतो. वेगात वारा छाती उचलून धरतो, गर्दीत तेच वजन मनगटांवर येतं. रोज ड्यूटीवर जायची गाडी असेल तर हँडल थोडंच खाली घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुलेटला हँडल खाली घेणंही बोल्ट सोडण्याइतकं सोपं नाही. हेडलाइटभोवतीचं ओतीव ॲल्युमिनियमचं कवच हेच फोर्कच्या नळ्यांची वरची पकड असतं. नळ्यांवर थेट बसणारं क्लिप-ऑन हँडल हवं तर कवच काढून वेगळी पकड मशीनवर कातून घ्यावी लागते. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. फूटरेस्ट मागे नेले की दोन्हींचे दांडे नव्याने बनवायचे. भिलाईत यासाठी लेथवाला शोधत फिरावं लागत नाही. कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपांतून हा हात तयार झाला आहे.

हाच हात वेल्डिंगलाही बसलेला आहे. पण चॅसिसवर सुरेख वेल्डिंग करता येतं म्हणून ते करावंच असं नाही. एका पिस्टनचं इंजिन प्रत्येक फेऱ्याला चॅसिसला हिसका देतं. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० हिसके, तासाला १ लाख ८० हजार. नागपूरला पाच-सहा वेळा जाऊन आलं की हिसक्यांचा आकडा १ कोटीच्या आसपास जातो. जर्मन इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि ६०च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं की एका झटक्यात मुळीच न तुटणारं पोलाद लहान ताणाच्या असंख्य आवर्तनांनी तुटू शकतं. साध्या पोलादाला एक मर्यादाही असते. ताण तिच्या आत राहिला तर कोट्यवधी आवर्तनं झाली तरी तडा जात नाही. गुळगुळीत, अखंड नमुन्यात ही मर्यादा पोलाद तुटण्याच्या ताणाच्या साधारण निम्मी असते. जोड आला की ती खूपच खाली येते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि आजूबाजूच्या धातूत ताण अडकून राहतो. जोडाच्या कडेला सूक्ष्म खाच पडते, आणि तडा तिथूनच सुरू होतो.

म्हणून खडूची खूण कुठे आहे याला महत्त्व. मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट ही सीमा धरावी. त्याच्या पुढच्या नळ्या चाकाचे सगळे धक्के झेलतात, त्यांना हात लावू नये. त्याच्या मागे फक्त सीट आणि मडगार्डचा भार असतो. तिथे कापायचंच असेल तर नळीच्या आत घट्ट बसणारी पोलादी नळी सरकवून मग जोड घ्यावा, म्हणजे सगळा भार वेल्डिंगच्या एका ओळीवर येत नाही. जोड आपोआप थंड होऊ द्यावा, पाणी मारू नये. दिसायला छान म्हणून ग्राइंडर मारून तो सपाट करणं तर सगळ्यात वाईट, कारण त्यात जोडाचा धातूच जातो. त्यावर लांबी आणि रंग चढला की तडा दिसायचीही सोय उरत नाही.

तडा शोधायची एक स्वस्त परीक्षा आहे. जोड स्वच्छ पुसून त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव्य फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, फडक्यानं पुसायचं आणि वर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारायचा. केशाकर्षणानं लाल द्रव्य केसाहून बारीक फटीत शिरलेलं असतं, आता ते पांढऱ्या भुकटीत शोषलं जाऊन वर येतं. जोड चांगला असेल तर पांढरा थर पांढराच राहतो. नसेल तर डोळ्यांदेखत कडेनं एक लाल रेघ उमटत जाते. रंगकाम करण्याआधी प्रत्येक मालकानं ही परीक्षा समोर उभं राहून करून घ्यावी.

गंजलेल्या टाकीसाठीही असंच घरगुती रसायनशास्त्र कामी येतं. पेट्रोलचा वासही उरणार नाही इतकी टाकी धुवायची, धुण्याच्या सोड्याचं पाणी काठोकाठ भरायचं, तोंडातून लोखंडी सळई टाकीला न टेकता आत सोडायची. चार्जरचं धन टोक सळईला, ऋण टोक टाकीला. टाकीतला लालसर गंज काळा आणि भुसभुशीत होऊन सुटतो, सळई झिजत जाते. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचं आणि जवळपास विडी-काडी नको. सळई स्टेनलेसची तर नकोच, तिच्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

हवेची पेटी काढून उघडा फिल्टर लावला की आवाज बदलतो, पण कार्बोरेटरमधून हवा जास्त आणि पेट्रोल कमी जाऊ लागतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलला १३.५ पटच पुरते. पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरमधला जुना जेट तसाच ठेवला तर दोन्ही कारणांनी मिश्रण हवेकडे झुकतं, इंजिन तापतं, प्लग पांढराफटक दिसतो. मोठा जेट टाकून प्लगचा रंग बदामी येईपर्यंत धीर धरावा. रबराचे जुने सीलही बदलावेत, इथेनॉल त्यांना मानवत नाही.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळी गाडी करायला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. दुसरीकडे २०२१च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर देण्याची सोय केली. अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. साठच्या दशकातली बुलेट शाबूत असेल तर तिला हा मान मिळू शकतो, आणि चॅसिस एकदा कापली की ती संधी कायमची जाते. मी तरी इतक्या जुन्या गाडीला ग्राइंडर लावू देणार नाही. सीट, हँडल, फूटरेस्ट बोल्टावर बसवावेत आणि मूळचं मडगार्ड, सीट, हेडलाइटचं कवच तेल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावं. एका दिवसात सगळं परत जागेवर बसतं.